मृत्तिका निलंबनांचा प्रवाह
पाण्यात माती वा ऑक्साइडे यांचे सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात असलेल्या मिश्रणास संहत मृत्तिका निलंबन म्हणतात. हे मिश्रण प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओतले असता प्लॅस्टर पाणी शोषते व साच्याच्या आतील बाजूस मातीचा थर बसतो. ही पद्धत यूरोपात अठराव्या शतकात प्रचारात आली. पाणी जास्त झाल्यास वस्तू वाळताना आक्रसून तडकते. कमी पडल्यास मिश्रण वाहत नाही. अल्पसा सोडा (सोडियम कार्बोनेट) वा सोडियम सिलिकेट मिसळून कारागिरांनी ही अडचण दूर केली. तिची मीमांसा मात्र पुष्कळ नंतर झाली.

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०६ मध्ये विरल निलंबनाच्या श्यानतेचे सूत्र मांडले. त्यातील गुणांक प्रयोगाशी जुळेना. तेव्हा गणितातील चूक शोधून १९११ मध्ये तो २·५ असा सुधारण्यात आला. संहत निलंबनास हे सूत्र अपुरे पडते. कारण तेथे कणांमधील परस्परप्रेरणा निर्णायक ठरतात. डेर्यागिन व लांडाऊ (१९४१) आणि फेरवे व ओव्हरबेक (१९४८) यांनी असे दाखविले की, व्हॅन डर वाल्स आकर्षण व विद्युत् भारित थरांचे प्रतिसारण यांच्या बेरजेवर कलिलाचे स्थैर्य अवलंबून असते. सोड्यामुळे प्रतिसारण वाढून कणांचे पुंजके सुटतात, त्यांत अडकलेले पाणी मोकळे होते व मिश्रण वाहू लागते. सोडा प्रमाणाबाहेर घातल्यास आयनांच्या आधिक्याने प्रतिसारण क्षीण होऊन मिश्रण पुन्हा दाट होते. क्रीगर व डॉहर्टी यांनी १९५९ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार घनकणांचे प्रमाण कमाल भरणीजवळ पोहोचताच श्यानता अमर्याद वाढते.