बुद्धिबळाची सार्वजनिक चावडी

भंडाऱ्याहून नागपूर सुमारें ६० किलोमीटरांवर आहे. आजच्या दळणवळणाच्या काळीं हें अंतर तें काय, असें शहरवासी मंडळींस वाटेल. परंतु पवनी किंवा लाखांदूरकडील एखाद्या खेड्यांत ज्या मुलास बुद्धिबळाचा नाद लागला, त्यास हेंच अंतर एके काळीं समुद्रासारखें होतें. गांवांत त्यास हरविणारा कोणी उरला नाहीं, म्हणजे आपण खरोखर किती पाण्यांत आहों हें त्याचें त्यासहि कळेनासें होई. पारावरच्या वडील मंडळींनीं "पोट्टा मोठा हुशार आहे" असें म्हणावें, एवढेंच त्याचें प्रशस्तिपत्र. आणि तें गांवच्या शिवेबाहेर चालत नसे.

खेळ आपल्याकडे नवा नव्हे. पैठणाहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टांनीं सतराव्या शतकांत आपल्या 'नीतिमयूख' ग्रंथांत बुद्धिबळाचें विवेचन केलें आहे. परंतु देशी पद्धतीचे नियम मुलखागणिक निराळे. कोठें राजास एकदां घोड्याची चाल मिळे, कोठें प्यादें ज्या घरीं पोंचे त्या घरचें मोहरें होई. जेथें नियमच एक नाहींत, तेथें दोन गांवच्या खेळाडूंची तुलना कशी व्हावी?

नियम एक झाल्यावरहि तुलनेचें माप हवेंच होतें. तें अमेरिकेंत मिलवॉकी येथें पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या, जन्मानें हंगेरियन असलेल्या आर्पाद एलो या प्राध्यापकांनीं बसवून दिलें. अमेरिकन संघटनेनें तें १९६० सालीं व फिडे या आंतरराष्ट्रीय महासंघानें १९७० सालीं स्वीकारलें. कल्पना साधी आहे. दोघांच्या मानांकनांत २०० गुणांचें अंतर असेल, तर वरच्यानें शंभर डावांत सुमारें ७६ गुण मिळवावे अशी अपेक्षा असते. त्याहून कमी मिळाले तर त्याचें मानांकन उतरतें, अधिक मिळाले तर चढतें. सावकाराच्या वहीहून ही वही प्रामाणिक खरी. परंतु महासंघाच्या वहींत प्रारंभीं २२०० च्या खालच्या खेळाडूस जागाच नव्हती. खेड्यांतील मुलगा तर राहोच, पुष्कळ जिल्ह्यांचे विजेतेहि यादीबाहेर राहिले असतील! पुढें ही मर्यादा खालीं आली. तरी स्पर्धेस जाण्याचें गाडीभाडें, प्रवेशशुल्क आणि मुक्कामाचा खर्च हे प्रश्न उरलेच.

या कोंडींतून वाट निघाली, ती स्पर्धेच्या मंडपांतून नव्हे. जानेवारी १९९२ मध्यें अमेरिकेंतील कांहीं हौशी मंडळींनीं एका संगणकावर सार्वजनिक पट मांडला. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. परंतु त्याचें खरें रूप गांवच्या चावडीचें. ज्यास यावयाचें त्यानें यावें, आणि जो रिकामा असेल त्याच्याशीं डाव मांडावा. चित्रें नव्हतीं. पट अक्षरांनीं रेखून येई आणि खेळी टंकून पाठवावी लागे. या चावडीवर एक वहीहि होती. कोण कोणाशीं खेळला, कोण जिंकला आणि त्यायोगें कोणाचें मानांकन किती झालें, हें सारें तींत आपोआप नोंदलें जाऊं लागलें. लोक खेळावयास येत आणि आपला आंकडा पाहावयास पुन्हां येत.

मग तंटा लागला. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक डॅनियल स्लीटर यांनीं त्या सर्व्हरची पुष्कळ सुधारणा केली, आणि १९९५ सालीं त्यावर वार्षिक ४९ डॉलर वर्गणी बसविली. यंत्र चालविण्यास पैसा आणि वेळ लागतो, ही त्यांची बाजू खोटी म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या स्वयंसेवकांनीं विनामूल्य राबून ती चावडी नांदती ठेविली आणि ज्यांच्या डावांनीं ती वही भरली, त्यांसच आपला आंकडा राखण्यासाठीं दाम मोजावे लागावेत, हेंहि न्यायास धरून नव्हतें. त्याच वर्षीं मार्चमध्यें नाराज मंडळींनीं दुसरा सर्व्हर उभारला, आणि त्याच्या नांवाच्या आरंभींच 'फ्री' हा शब्द घातला. हा हट्ट वायां गेला नाहीं. २०१० सालीं तीबो द्यूप्लेसी या फ्रेंच गृहस्थानें 'लीचेस' नांवाचा सर्व्हर सुरू केला. तो देणग्यांवर चालतो. त्यावर जाहिरात नाहीं, वर्गणी नाहीं, आणि त्याची रचना कोणासहि तपासून पाहतां येते. जानेवारी २०१३ पासूनचे तेथील मानांकनाचे डाव कोणींहि उतरवून घ्यावे अशी सोय आहे, आणि त्यांची संख्या अब्जावधि झाली आहे. ज्यांस दृष्टि नाहीं, त्यांसहि खेळी ऐकून व टंकून तेथें खेळतां येतें.

या चावडीवर नव्यानें येणाऱ्या प्रत्येकास १५०० हें मानांकन मिळतें आणि त्यापुढें एक प्रश्नचिन्ह असतें. हें प्रश्नचिन्ह मोठें मार्मिक आहे. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञानें एलोंच्या पद्धतींत अशी भर घातली कीं, आंकड्याबरोबर त्या आंकड्याची खात्री किती, हेंहि मोजावें. डाव वाढतात तशी खात्री वाढते, आणि प्रश्नचिन्ह गळून पडतें. अर्थात् दोन सर्व्हरांचे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहणें फोल होय. तुमसरची पायली आणि साकोलीची पायली एकच असेल असें धरून चालतां येत नाहीं. शिवाय संगणकाकडून चोरून खेळी विचारणारे लबाडहि असतातच, आणि त्यांस हुडकून काढण्याचें किचकट काम तेथें बहुतांशीं स्वयंसेवकच करतात.

आपल्या देशांत २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झालें आणि ही चावडी खेड्यापर्यंत पोंचली. २०२० च्या टाळेबंदींत तर महासंघानें आपलें ऑलिंपियाडच एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर भरविलें. भारतीय संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता. उपांत्यपूर्व फेरींत आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क मध्येंच तुटला. त्या देशाची तक्रार फेटाळली गेली आणि रागानें त्यानें पुढें खेळण्याचें नाकारलें. अंतिम फेरींत तोच प्रसंग भारतावर आला. ३० ऑगस्ट रोजीं रशियाशीं पहिला सामना ३–३ असा बरोबरींत सुटला. दुसऱ्यांत निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख या दोघांचा संपर्क इंटरनेटच्या जागतिक बिघाडामुळें तुटला व वेळ संपून ते हरले. या वेळीं मात्र महासंघाच्या अध्यक्षांनीं दोन्ही देशांस सुवर्णपदक दिलें. आर्मेनियास तो न्याय मिळाला नाहीं, ही टोचणी विजयाच्या आनंदांतहि उरावयास हवी होती.

तीच दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. समोर कोनेरू हंपी होत्या आणि मध्यें लांकडी पट होता. महासंघाचें मुख्य मानांकन आजहि प्रत्यक्ष पटावरील डावांवरूनच ठरतें. म्हणून लाखांदूरच्या ज्या मुलाचें प्रश्नचिन्ह मोबाईलवर केव्हांच गळून पडलें आहे, त्यासहि महासंघाच्या वहींत नांव घालण्यासाठीं स्पर्धेच्या दिवशीं पहांटे उठून नागपूरची एस. टी. पकडावी लागते.