भूसुरुंगांच्या रानातून दिवाणखान्यात

आज तोफा नाहीत, रणगाडे नाहीत. आजचा विषय केर काढण्याचा आहे. हसू नका, या विषयाची वाट युद्धभूमीवरूनच जाते.

१९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाऊस कंपनीने ‘इलेक्ट्रो’ नावाचा सात फुटी यंत्रमानव उभा केला. तो बोलायचा, चालायचा, चक्क सिगारेटही ओढायचा. घरातलं काम मात्र त्याला एकही येत नव्हतं. १९८०च्या दशकात ‘हीरो-१’, ‘टोपो’ अशी घरगुती म्हणवणारी यंत्रं बाजारात आली. त्यांचीही तीच गत झाली. पाहुण्यांना गंमत दाखवण्यापुरती ती बरी होती.

अडचण कुठे होती? त्या काळच्या संशोधकांना वाटे, यंत्राने आधी सगळा परिसर समजून घ्यावा, मनात नकाशा करावा, बेत आखावा आणि मग पाऊल उचलावं. स्टॅनफर्डचा १९६६ ते १९७२ या काळातला ‘शेकी’ असाच होता. सोप्या हालचालीआधीही त्याचा विचार लांबत जाई. एमआयटीतल्या रॉडनी ब्रूक्स यांनी हे उलटं केलं. झुरळ कुठे बेत आखतं? अडलं की वळतं, उजेड दिसला की पळतं. अशा लहान लहान सवयी एकावर एक रचल्या तर यंत्र हुशार नसूनही काम करील, असं त्यांचं म्हणणं. १९९० मध्ये कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांच्यासह त्यांनी ‘आयरोबोट’ कंपनी काढली.

या कंपनीने अमेरिकी लष्करासाठी भूसुरुंग आणि न फुटलेले छोटे बॉम्ब हुडकणारी यंत्रं तयार केली. एखादी जमीन पिंजून कशी काढायची, याचा अनुभव तिथे मिळाला. तिचा ‘पॅकबॉट’ २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कोसळलेल्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात उतरला आणि २००२ मध्ये अफगाणिस्तानच्या गुहांत शिरला. त्याच वर्षी, सप्टेंबरात, त्याच कंपनीची ‘रूम्बा’ १९९ डॉलरना दुकानात आली. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सचा ‘ट्रायलोबाइट’ तिच्या आधी आला होता, पण तो फार महाग होता.

आता फौजी माणसाला यातलं काय भावतं, ते सांगतो. शंभरातले नव्याण्णव सुरुंग काढलेली जमीन ‘मोकळी’ नसते. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, २००१-०२ मध्ये, पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले आणि पुढे ते पेरताना-काढताना आपले जवान गेले. तिथे राहिलेला एक म्हणजे एक पाय, नाहीतर एक जीव. घरातल्या धुळीचं तसं नाही. आज कोपऱ्यातलं राहिलं तर उद्या निघेल. जो जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच फरक ओळखला, असं माझं मत आहे. जोन्स यांच्या डोक्यात हे यंत्र १९८९ पासून, एमआयटीत असल्यापासून, घोळत होतं. पहिल्या रूम्बाकडे नकाशा नव्हता. ती गोल गोल फिरे, धडकली की वळे, भिंत धरून चाले. एकाच जागेवरून ती चार वेळा जाई, म्हणून मग फारसं काही सुटत नसे. बघणाऱ्याला ती वेडी वाटे. पण मेंदू कमी ठेवला म्हणूनच किंमत आवाक्यात आली.

काही चुका मात्र घर माफ करत नाही. जिन्यावरून यंत्र कोसळलं तर? रांगत्या मुलाने ते उचललं तर? म्हणून पोटाखाली खाली पाहणारे इन्फ्रारेड डोळे बसवले. जमीन संपली की ते मागे फिरे. चाकं अधांतरी झाली की थांबे. धूळ राहिली तरी चालेल, पण हे चुकता कामा नये. माझ्या मते खरी आखणी इथेच झाली.

आणखी एक गोष्ट. पॅकबॉट काय, किंवा पुण्याजवळ दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत घडलेला आपला ‘दक्ष’ काय, त्यांच्यामागे दूर बसलेला प्रशिक्षित माणूस असतो. घरच्या यंत्रामागे कोणीच नसतं. मालक ऑफिसला गेलेला, खाली मोजे, चार्जरच्या वायरी, गालिच्याची झालर. आपल्याकडे तर वाड्यातल्या जुन्या खोल्यांचे उंबरठेच हात हात उंच, आणि केरानंतर ओलं फडकं मारल्याशिवाय कामाचं समाधान नाही! त्या अर्थाने दिवाणखाना गुहेपेक्षा अवघड.

पुढे यंत्र हुशार झालं. २०१५ च्या ‘रूम्बा ९८०’ला कॅमेरा आला, ती घराचा नकाशा करू लागली. कंपनीने २०१६ मध्ये लष्करी विभाग विकून टाकला आणि ती पूर्ण घरगुती झाली. २०२२ मध्ये बातमी आली, की चाचणीच्या यंत्रांनी टिपलेली घरांतली छायाचित्रं समाजमाध्यमांवरच्या बंद गटांत पोचली. त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका बाईचंही होतं. ही विक्रीची यंत्रं नव्हती, वापरणाऱ्यांनी लेखी संमती दिली होती, असं कंपनीने सांगितलं. चित्रं फुटली ती त्यांवर नावं चिकटवणाऱ्या कंत्राटी कामगारांकडून.

छावणीचा हाताने काढलेला आराखडासुद्धा आम्ही कुलपात ठेवत असू. पहिल्या रूम्बाला घराविषयी काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिच्याकडून फुटण्यासारखंही काही नव्हतं. आता जिन्याच्या कडेइतकीच न चुकण्याची ही दुसरी कड यंत्र बनवणाऱ्यांपुढे आहे, आणि तिच्यासाठी पोटाखाली बसवायचा डोळा अजून कोणी बनवलेला नाही.