‘मी रजेवर आहे’ हा ऑटो-रिप्लाय नेमका कोणाला जातो?

सुट्टीवर जाताना आपण ई-मेलवर ‘मी रजेवर आहे’ असा ऑटो-रिप्लाय लावून ठेवतो. पण हे उत्तर कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, हे सॉफ्टवेअर कसं ठरवतं? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण एकाच मेलमध्ये पाठवणाऱ्याचे तीन वेगवेगळे पत्ते असू शकतात.

कोणते तीन पत्ते?

फ्रॉम : स्क्रीनवर दिसणारा पत्ता.

रिप्लाय-टू : आपण ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर जिथे जातं तो पत्ता.

रिटर्न-पाथ : पाकिटामागे लिहिलेल्या पत्त्यासारखा. मेल पोहोचला नाही, तर तसा निरोप इथे येतो. इनबॉक्समध्ये तो सहसा दिसत नाही.

निवड कशी होते?

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ऑगस्ट २००४ मध्ये ‘आरएफसी ३८३४’ ही नियमावली आणली. तिच्यानुसार रजेचं उत्तर रिटर्न-पाथवर जावं. फ्रॉम किंवा रिप्लाय-टूवर नाही. ग्रुप मेलमध्ये रिप्लाय-टू हा अख्ख्या ग्रुपचा पत्ता असू शकतो. तिथे उत्तर गेलं, तर तुमची रजा शेकडो अनोळखी लोकांना कळेल.

दोन ऑटो-रिप्लाय समोरासमोर आले तर?

दोघंही एकमेकांना उत्तरं देत बसतील. म्हणून काही पथ्यं आहेत. रिटर्न-पाथ रिकामा असेल, तर उत्तर द्यायचंच नाही. ‘मेल पोहोचला नाही’ सांगणाऱ्या बाउन्स मेलमध्ये तो मुद्दाम रिकामा ठेवतात. ऑटो-रिप्लायवर ‘ऑटो-सबमिटेड’ अशी खूणही असते. शिवाय एकाच व्यक्तीला पुन्हापुन्हा उत्तर जात नाही. जीमेल साधारणपणे एकदाच उत्तर देतं. त्याच व्यक्तीचा मेल चार दिवसांनंतर पुन्हा आला, तर दुसरं पाठवतं.

तुम्ही काय काळजी घ्याल?

रिटर्न-पाथही खोटा असू शकतो. स्पॅम पाठवणाऱ्याने दुसऱ्याचाच पत्ता टाकला आणि तो मेल फिल्टरमधून सुटला, तर तुमचं उत्तर भलत्याच माणसाकडे जाईल. त्यामुळे ऑटो-रिप्लायमध्ये खासगी मोबाईल नंबर, प्रवासाचं ठिकाण किंवा घर कधीपर्यंत बंद आहे, हे लिहू नका. जीमेलमध्ये फक्त कॉन्टॅक्ट्समधल्या लोकांनाच उत्तर पाठवण्याचा पर्याय आहे. वैयक्तिक खात्यासाठी तोच निवडलेला बरा.