दिनविशेष : १ एप्रिल

१९८० : इंग्लंडमधील ब्रायटन या समुद्रकाठच्या शहरात, विवस्त्र राहण्यास मुभा असलेला सार्वजनिक किनारा अधिकृतपणे सुरू झाला. नगरसेविका आयलीन जेक्स यांनी प्रस्ताव मांडला, कडाडून विरोध झाला. तरीही नगरपालिकेने १९७९ मध्ये त्याला मंजुरी दिली.

विवस्त्र राहणे नैसर्गिक मानणाऱ्या या ‘निसर्गवादी’ विचाराची एक आरंभीची वाट महाराष्ट्रातून जाते. मुंबई इलाख्याच्या सेवेतील जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी १८९१ मध्ये माथेरानला ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ स्थापली. पाश्चात्त्य धर्तीची ही जगातील पहिली ज्ञात निसर्गवादी संस्था. सुरुवातीला सभासद अवघे ३. क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली नि संस्था विरली. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे निर्भयपणे मांडले.

शिरड शहापूरच्या मल्लिनाथ दिगंबर जैन क्षेत्रामुळे हिंगोलीकरांना दिगंबरत्व, म्हणजे साधूंचे विवस्त्र राहणे, ठाऊक आहे. तिथे ते वैराग्याचे रूप. ब्रायटनचा हेतू वेगळा, मोकळ्या हवेत वावरण्याचा. देहाकडे निकोप नजरेने पाहता येते, हे मात्र दोन्हींकडून शिकावे.