कुरणालाही रजा लागते

जुन्या फौजी मंडळींना मिलिटरी फार्मचं दूध आठवत असेल. पहिला फार्म १ फेब्रुवारी १८८९ला अलाहाबादला निघाला. छावणीतल्या सैनिकांना स्वच्छ दूध मिळावं म्हणून. स्वातंत्र्यानंतर १३० फार्म आणि ३०,००० गुरं असा पसारा होता. आपल्या पिंपरीतही एक होता. मार्च २०२१मध्ये, १३२ वर्षांनी, हे खातं कायमचं बंद झालं.

फार्मची खरी ओळख म्हणजे फ्रिजवाल, फ्रिजियन आणि साहिवालचा संकर. एका वेतात ४,००० किलो दुधाचं उद्दिष्ट. अशा गाईला वैरण मोजून हवी, म्हणून गवत कापून गोठ्यात आणायचं. त्यात गवत तुडवलं जात नाही आणि आजारावर नजर राहते. पण मजूर लागतात, वाहतूक लागते, आणि शेणही आपणच शेतात परत न्यायचं.

याच्या अगदी उलट रीत उत्तराखंडच्या वन गुज्जरांची. हिवाळ्यात म्हशी शिवालिकच्या जंगलात, उन्हाळ्यात हिमालयातल्या बुग्यालांवर. कळप वर गेला की खालच्या रानाला काही महिने उसंत मिळते. खर्च जवळजवळ नाही, पण वाट मोकळी हवी. राजाजी राष्ट्रीय उद्यान झाल्यावर अनेक कुटुंबांना हरिद्वारजवळ पथरी आणि गैंडीखाता इथे वसवलं गेलं. त्यांच्यापुरती ती वाट तुटली.

तिसरी रीत फ्रान्सची. नॉर्मंडीतल्या आंद्रे वाझँ यांनी १९५७च्या पुस्तकात मांडलं की कुरण गुरांच्या संख्येमुळे खराब होत नाही. तेच गवत सावरण्याआधी पुन्हा खाल्लं गेल्यामुळे होतं. म्हणून कुरणाचे तुकडे पाडा. दुभती गाय एका तुकड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, एकच दिवस ठेवली तर उत्तम. मग तो तुकडा पुरेसा वाढेपर्यंत बंद. यात गाय स्वतःच कापणी करते आणि खतही तिथेच टाकते. मात्र कुंपण, पाणी आणि रोजची देखरेख सुटत नाही.

जागा कमी आणि गाय भारी दुधाची असेल तर गोठा बरा. डोंगरात स्थलांतर. सपाट, हिरव्या, पाण्याच्या जागी तुकड्यांची फेरपाळी. तिन्हींत कुरणाची विश्रांती समान आहे. पलटण कायम आघाडीवर ठेवता येत नाही, ती मागे आणावीच लागते. गवताचंही तेच. गावच्या गायरानात बारा महिने गुरं सोडणाऱ्या आपण हे ध्यानात घ्यायला हवं.