मूळ काम आणि जोडकाम : झरी जामणी परिसरातील सेवाव्यवसायांचा इतिहास

स्वतःच्या मेहनतीवर सेवा विकून पोट भरणाऱ्या माणसापुढे, मग तो आजच्या शहरात इमारतींच्या काचा पुसणारा असो की शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात गावाचे कपडे धुणारा असो, मूळ कामाला कोणत्या कामाची जोड द्यावी हा प्रश्न कायम असतो. मूळ सेवेची हत्यारे, तिची गिऱ्हाइके किंवा तिच्यातून मोकळा राहणारा वेळ यांच्या आधारावर जे दुसरे काम स्वीकारले जाते, त्याला या लेखात जोडकाम म्हटले आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातील, पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाच्या आदिलाबाद भागाला भिडलेल्या झरी जामणी तालुक्याचा परिसर या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष उपयोगी आहे, कारण वऱ्हाडातील बलुतेदारी आणि कोलाम-गोंडांच्या वस्त्यांमधील परस्परांच्या सेवा या दोन वेगळ्या व्यवस्था येथे शेजारी शेजारी नांदल्या आणि दोन्हींत जोडकामाला मोठे स्थान होते.

हा परिसर पूर्वी वणी आणि केळापूर या जुन्या तालुक्यांच्या क्षेत्रात मोडत असे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले, १८६४ मध्ये पूर्व वऱ्हाडातून वणी हा स्वतंत्र जिल्हा काढण्यात आला, आणि १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका जोडला जाऊन या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पैनगंगेच्या दक्षिणेला मात्र निजामाचे राज्य कायम राहिले. राज्याची सीमा नदीवर असली तरी बाजारहाट, सोयरीक आणि कारागिरांची ये-जा तिने थांबली नाही, आणि म्हणून या भागातील सेवाव्यवसायांचा विचार दोन्ही तीर लक्षात घेऊनच करावा लागतो.

वऱ्हाडातील शेती करणाऱ्या गावांत सेवा देणारी कुटुंबे बलुत्याच्या व्यवस्थेत होती. बलुते म्हणजे वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात महाराष्ट्रातील बलुतेदारांची कामे आणि त्यांचे हक्क यांची तपशीलवार मांडणी केली आहे. तिच्यावरून असे दिसते की प्रत्येक बलुतेदाराकडे त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कामाबरोबर लग्न, मर्तिक, सण आणि सरकारी दौरे यांच्याशी बांधलेली इतर अनेक कामे असत. मूळ कामाचा मोबदला खळ्यावर ठरलेला असे, परंतु या इतर कामांपैकी काहींना मानाची वेगळी प्राप्ती होती, तर काही कामे बलुत्यातच धरली जात आणि त्यांना वेगळा मोबदला मिळत नसे. जोडकामाच्या इतिहासात हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे.

कपडे धुणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला परीट म्हणतात, त्याला विदर्भात वरठी म्हणतात, आणि रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही हे नाव नोंदलेले आहे. वरठ्याचे मूळ काम नदी-नाल्याच्या पाण्यावर अवलंबून होते. मळके कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवायचे, म्हणजे मोठ्या भांड्यावर रचून खालून जाळ द्यायचा, नंतर ते दगडावर आपटून धुवायचे आणि पांढऱ्या कपड्यांना नीळ व कांजी द्यायची, असा त्याचा क्रम असे. अनेक घरांचे कपडे एकाच भट्टीत पडत असल्याने कोणता कपडा कोणाचा हे ओळखण्यासाठी बिब्ब्याची खूण केली जाई. बिब्बा हे या भागातील जंगलात वाढणारे झाड आहे. त्याच्या फळाला सुई टोचली की जो काळपट रस येतो, त्याने कपड्याच्या कोपऱ्यावर टिंबे आणि रेघा काढून त्यावर चुना लावला म्हणजे ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. अंगाला लागला तर फोड उठवणारा हा रस सफाईने हाताळणे हे त्या व्यवसायातील एक कौशल्यच होते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या कारागिराची ती बिनचूक हिशेबवही होती.

या मूळ कामाला दोन प्रकारची जोडकामे चिकटली होती. लग्नात वधू-वरांच्या वाटेवर पायघड्या घालणे, म्हणजे त्यांनी चालण्यासाठी धुतलेली वस्त्रे अंथरणे, हा वरठ्याचा मान होता आणि त्याबद्दल त्याला ओवाळणी किंवा वस्त्र मिळे. बाळंतपणाचे आणि सुतकाचे कपडे धुणे हेही त्याच्याच कुटुंबाकडे असे. ही कामे परंपरेने नेमून दिलेली होती. ती घ्यावीत की सोडावीत हे ठरवण्याची मोकळीक त्या कुटुंबाला फारशी नव्हती, आणि ज्या कामांना विटाळाची कल्पना चिकटलेली होती त्यांच्यामुळे कमाईत पडलेली भर सामाजिक अवहेलनेच्या किमतीवर पडत होती. इस्त्रीचे काम मात्र वेगळ्या वाटेने आले. कोळशाची इस्त्री आणि एक टेबल एवढ्या भांडवलावर ते सुरू करता येई, उन्हाळ्यात नाले आटल्यावर आणि पावसाळ्यात कपडे वाळेनासे झाल्यावर धुणे मंदावत असताना इस्त्रीला पाणी जवळजवळ लागत नसे, आणि ज्यांचे कपडे आधीपासून विश्वासाने घरी येत होते तीच माणसे इस्त्रीची गिऱ्हाइके होत. कचेरी, शाळा आणि बाजारपेठ असलेल्या गावांत नोकरदार वर्ग वाढत गेला, साबण व धुण्याचा सोडा घरोघरी पोचून धुणे घरातच होऊ लागले, तेव्हा हे जोडकामच पुष्कळ कुटुंबांचे मुख्य काम बनले. स्वच्छतेला सामाजिक प्रतिष्ठा मिळवून देणारे गाडगेबाबा (१८७६–१९५६) याच परीट समाजात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मले. गावात शिरताच खराट्याने रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांना जागे करायचे, हा त्यांचा क्रम होता, आणि ज्या श्रमाला समाज हलके मानत होता त्यालाच त्यांनी लोकशिक्षणाचा पाया केले.

न्हावी, ज्याला वऱ्हाडात म्हाली असेही म्हटले जाते, त्याच्या बाबतीत जोडकामे हत्यारांपेक्षा ओळखीतून निघाली. त्याची धोकटी, म्हणजे वस्तरा, कात्री, नराणी आणि आरसा ठेवण्याची कातडी पिशवी, हजामत आणि नखे काढणे यांसाठी पुरेशी होती, परंतु घरोघरी नियमित जाणे-येणे असल्यामुळे अंग रगडणे, तुंबडी लावणे, लग्नाची आमंत्रणे पोचवणे आणि मिरवणुकीत मशाल धरणे ही कामेही त्याच्याकडे आली. घराच्या उंबरठ्याच्या आत ज्याला प्रवेश आहे, त्याच्याकडे दुसरे काम आपोआप चालून येते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

झरी जामणीच्या जंगलपट्ट्यातील कोलामांची व्यवस्था याहून निराळी होती. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असून इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड या आहेत. कोलामांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात. शेती आणि वनोपज यांच्या जोडीला बांबूच्या टोपल्या, सुपे आणि तट्टे विणणे ही त्यांची कारागिरी होती, आणि शेतकऱ्याला धान्य पाखडायला सूप व माल वाहायला टोपली लागतच असल्याने पोड आणि सपाटीवरील गाव यांचा संबंध त्यातून टिकून राहिला. याखेरीज कोलामांकडे एक असे काम होते ज्याचा हातांच्या कारागिरीशी संबंध नव्हता. पैनगंगेपलीकडे १९४० च्या दशकात क्षेत्रकार्य करणाऱ्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाच्या लेखनात नोंद आहे की, गोंड लोक त्या भूमीतील देवतांच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्यांना बोलावत, कारण त्या भूमीचे जुने रहिवासी या नात्याने तेथील देवतांशी कोलामांचे जवळचे नाते आहे अशी समजूत होती. गोंडांच्या वंशकथा किंगरी या तंतुवाद्यावर गाणाऱ्या परधानांची सेवाही अशाच प्रकारची होती. दोन्ही उदाहरणांत सेवेचे भांडवल म्हणजे स्थानिक ज्ञान होते, आणि ते दुसऱ्या कोणाला विकत घेता येत नसल्याने त्याला स्पर्धा नव्हती.

बांबूकामाला मात्र राज्यसत्तेचा अडथळा आला. १८८६ च्या वऱ्हाड वन कायद्याने जंगलांवरील सरकारी नियंत्रण पक्के झाले, आणि ज्या कच्च्या मालासाठी पूर्वी केवळ श्रम लागत होते त्यासाठी परवानगी लागू लागली. त्यामुळे कूप तोडणे, म्हणजे वन खात्याने आखून दिलेल्या पट्ट्यात मजुरीने लाकूडतोड करणे, तसेच मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणे यांवरचे कोलामांचे अवलंबन वाढले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावरील मालकीचा हक्क वनवासी समाजांना दिला, तेव्हा या कारागिरीला कायद्याचा आधार पुन्हा मिळाला. परंतु मधल्या एकशेवीस वर्षांत प्लास्टिकच्या टोपल्या बाजारात आलेल्या होत्या.

बलुत्याच्या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का कापसाने दिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाची मागणी एकाएकी वाढली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचल्यावर हा माल मुंबई बंदराकडे नेणे सोपे झाले. शेतात ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला तसा खळ्यावरच्या धान्याचा वाटा आकुंचित झाला आणि रोख पैशाचा व्यवहार वाढला. रोखीमुळे सेवा देणाऱ्याला एक नवी शक्यता मिळाली, ती म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर सांगण्याची. ज्या कामांना दर मिळू शकत होता ती टिकली आणि वाढली, तर ज्यांना केवळ मानाचा आधार होता ती हळूहळू लग्नविधीपुरती उरली.

दर सांगण्याचा हा अधिकार सर्वांना सारखा मिळाला नाही. गावकामाच्या वतनात अडकलेल्या महार समाजावर सरकारची व गावाची कोणतीही कामे कोणत्याही वेळी लादली जात, आणि त्यांची यादी कोठेही पुरी होत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा आग्रह कामे निश्चित असावीत आणि मोबदला पुरेसा व खात्रीचा असावा असाच होता. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताच्या कारभारात असल्याने ते विधेयक येथे लागू होणारे नव्हते, परंतु त्यात मांडलेले तत्त्व प्रत्येक सेवाव्यवसायाला लागू आहे. ज्या जोडकामाला हद्द नाही आणि दाम नाही, त्याला वेठबिगार हेच नाव योग्य आहे.

मूळ कामच नाहीसे झाले तर जोडकाम किती साथ देते, हे कल्हईच्या व्यवसायावरून दिसते. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून त्यांना आतून कथलाचा लेप देणे म्हणजे कल्हई. कारागीर गावात येऊन झाडाखाली खड्डा करून भाता लावी, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून त्याच्या धुराबरोबर कथलाचा तुकडा कापसाच्या बोळ्याने फिरवी, आणि काळवंडलेले भांडे आतून रुप्यासारखे उजळे. त्याच आगीवर फुटक्या भांड्याला डाग देणे आणि पोचे काढणे ही कामे होत, म्हणून ती त्याची स्वाभाविक जोडकामे ठरली. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलची भांडी घराघरांत आल्यावर कल्हई आणि तिची जोडकामे एकदमच मागे पडली, कारण ती सर्व एकाच धातूवर उभी होती. मूळ कामाच्या इतकी जवळची जोड सोयीची असते, पण संकटात ती मूळ कामाबरोबरच बुडते. वरठ्यांना इस्त्रीने जो आधार दिला तो यामुळेच अधिक मोलाचा ठरतो; इस्त्रीचे गिऱ्हाईक तेच होते, परंतु तिची गरज धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून नव्हती.

आज या परिसरातील घरे, दुकाने आणि कचेऱ्या बदलल्या आहेत. कुडाच्या भिंती आणि कवेलूंच्या जागी सिमेंट, फरशी आणि काचेची तावदाने आली. मुकुटबन येथे २०२२ मध्ये सिमेंट कारखान्यातून उत्पादनही सुरू झाले. काचा पुसण्याचे काम स्वतंत्र व्यवसाय म्हणून मोठ्या शहरांत स्थिर झाले आहे आणि बांधकामाबरोबर ते तालुक्याच्या गावांपर्यंतही पोचू शकते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारे आणि कर्ज यांची मदत आहे. त्यांत न्हावी, धोबी आणि टोपली-झाडू बनवणारे येतात, काचा पुसणारा मात्र येत नाही. योजनेची यादी मूळ व्यवसायांची आहे, आणि प्रत्यक्षात कुटुंब तगवणारे जोडकाम अशा यादीत दिसत नाही.

काचा पुसणाऱ्याने पाण्याच्या टाक्या धुण्याचे काम घ्यावे, सौरपट्ट्या पुसाव्यात, की पन्हाळी साफ कराव्यात, हे ठरवताना या परिसराचा इतिहास चार कसोट्या देतो. नवे काम हाताशी असलेल्या हत्यारांत आणि कसबात बसते का, मूळ काम मंदावते त्या ऋतूत ते मिळते का, ज्याने घराचे दार उघडले त्याच गिऱ्हाइकाला त्याची गरज आहे का, आणि मूळ काम बंद पडले तरी ते चालू राहील का, या त्या कसोट्या होत. वरठ्यांची इस्त्री या चारही कसोट्यांना उतरली आणि कल्हईवाल्याचा डाग शेवटच्या कसोटीला उतरला नाही. परंतु या चारांच्या आधी एक अट आहे आणि ती सेवा घेणाऱ्यांनी पाळायची आहे. शिडीवर चढलेल्या माणसाला ‘आलाच आहेस तर एवढेही करून टाक’ असे सांगणारा गृहस्थ जुन्या वेठीचीच सवय चालवत असतो. वाढीव कामाची हद्द आणि त्याचा दाम आधी ठरवणे हा सेवा देणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो मान्य झाल्याशिवाय कोणत्याही जोडकामाची निवड खऱ्या अर्थाने त्याची स्वतःची ठरत नाही.