बंदूक वस्तीत येते तेव्हा: कोलंबियातल्या कोमुना १३ चा इतिहास

गरिबांच्या नावाने उचललेली बंदूक शेवटी कोणावर रोखली जाते? चळवळीतल्या तरुणांमध्ये हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि चर्चा बहुधा जंगलात जाऊन थांबते. पण हीच बंदूक शहरात, पत्र्याच्या दाट वस्तीत शिरली तर काय होते? याचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा इतिहासात शोधावे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी कोलंबियातल्या मेदेयीन शहराकडे पाहू.

मेदेयीन हे कोलंबियाचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर. खाली दरीत कारखाने, कचेऱ्या, पैसेवाल्यांचे मोहल्ले. वर डोंगरउतारावर गरिबांची घरे. शहराचे १६ कोमुना, म्हणजे प्रभाग, आहेत. त्यातला पश्चिमेकडचा कोमुना १३. गावाकडच्या युद्धातून, जमिनीवरून हुसकावलेली शेतकरी, मजूर आणि आफ्रिकी वंशाची कुटुंबे इथे आली. त्यांनी स्वतःच्या हाताने विटा रचून घरे उभी केली. अशा वस्तीला तिथे 'इन्वासिओन' म्हणतात, म्हणजे आक्रमण. आपल्याकडची महापालिका 'अतिक्रमण' म्हणते, तोच हा शब्द! ज्याचे सगळे हिरावले गेले, त्यालाच आक्रमक ठरवायचे, ही व्यवस्थेची भाषा सगळीकडे सारखीच असते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे मेदेयीन जगातले सर्वाधिक खुनांचे शहर होते. डोंगरावर पोलीस येत नसत, आले तरी रक्षणासाठी येत नसत. ही पोकळी गनिमी गटांनी भरली. फार्क, ईएलएन आणि सीएपी या नावाची स्थानिक सशस्त्र संघटना यांनी कोमुना १३ मध्ये जम बसवला. चोरांना शिक्षा, भांडणांचा निवाडा, टोळ्यांचा बंदोबस्त हे सगळे ते करू लागले. अनेकांना सुरुवातीला हायसे वाटले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यांच्या न्यायालयात अपील नव्हते. दुकानदाराकडून, बसवाल्याकडून खंडणी सुरू झाली. लोकांनी तिला नाव दिले 'वाकुना', म्हणजे लस. ती टोचून घेतली नाही तर जगणे कठीण!

मग दुसरी बंदूक आली. आपल्याकडे निमलष्करी म्हटले की सीआरपीएफ डोळ्यांसमोर येते. कोलंबियात पॅरामिलिटरी म्हणजे जमीनदार, मोठे पशुपालक आणि अमली पदार्थांचे सौदागर यांच्या पैशावर पोसलेल्या खासगी सेना. समजायला सोपे जावे म्हणून बिहारची रणवीर सेना आठवा, जिने १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर बाथे इथे ५८ माणसे मारली. त्याच १९९७ साली कोलंबियातल्या अशा सेनांनी एयूसी नावाची देशव्यापी आघाडी उभारली. मेदेयीनमधल्या तिच्या प्रमुख गटाचे नाव होते 'कासिके नुतिबारा'. नुतिबारा हा सोळाव्या शतकात स्पॅनिश आक्रमकांशी लढलेला आदिवासी प्रमुख. त्याचे नाव जमीनदारांच्या मारेकऱ्यांनी घेतले! महापुरुष पळवण्याचा हा धंदा आपल्याला नवा नाही.

दोन्ही गटांना कोमुना १३ हवा होता, कारण तिथून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवता येत होती. गल्ल्यांमध्ये अदृश्य सीमा पडल्या. या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर गेलेला पोरगा परत येईल याची खात्री राहिली नाही.

तिसरी बंदूक सरकारची. २१ मे २००२ रोजी 'मारिस्काल' नावाच्या कारवाईत लष्कर आणि पोलीस वस्तीत घुसले. नऊ नागरिक मेले, त्यांत लहान मुलेही होती. लोक पांढरी फडकी, चादरी घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा गोळीबार थांबला. १६ ऑक्टोबर २००२ रोजी, आल्बारो उरिबे यांच्या राजवटीत, 'ओरियोन' ही त्याहून मोठी कारवाई झाली. हजाराहून अधिक जवान आणि वर घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरे. छायाचित्रकार हेसूस आबाद कोलोरादो यांनी टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तोंड झाकलेला खबऱ्या जवानांना बोटाने दाखवून देतो आहे.

गनिमी गट हटले. बंदूक मात्र हटली नाही, फक्त हात बदलले. ओरियोननंतर वस्तीचा ताबा पॅरामिलिटरीकडे गेला. त्यांचा म्होरक्या दॉन बेर्ना याने पुढे अमेरिकेच्या तुरुंगातून सांगितले की त्याच्या माणसांनी लष्कराशी संगनमत केले होते. घरातून नेलेली माणसे परत येईनात. त्यांना 'ला एस्कोंब्रेरा' या राडारोडा टाकण्याच्या डोंगरावर पुरले जाते, असे आया सांगत राहिल्या. सरकार मात्र खुनांचा घसरता आकडा दाखवत होते. इथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी थांबावे. मृतदेह सापडला तर खून मोजला जातो. माणूस बेपत्ता झाला तर तो खुनाच्या रकान्यात येतच नाही. राडारोड्याखाली माणसेही गाडली गेली आणि आकडेही.

या सगळ्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या वस्तीतल्या बाया. आना तेरेसा यार्से ही त्यातली एक कार्यकर्ती. नोव्हेंबर २००२ मध्ये तिला दोन सहकाऱ्यांसह बेकायदा अटकेत ठेवले गेले. सुटल्यावर तिने पॅरामिलिटरीविरुद्ध तक्रारी केल्या. ६ ऑक्टोबर २००४ रोजी तिचा खून झाला. २०१६ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या कार्यकर्त्या स्त्रियांच्या प्रकरणात कोलंबिया सरकारला जबाबदार धरले. २०१५ मध्ये एस्कोंब्रेरात खोदकाम झाले, काही मिळाले नाही. आयांनी पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे पहिले मानवी अवशेष सापडले.

काही मित्र म्हणतील, तुम्ही गनिमांना आणि सरकारला एकाच तराजूत तोलता. नाही. कायद्याचे रक्षण ही ज्याची जबाबदारी, त्या राज्यसंस्थेचा गुन्हा अधिक मोठा. पण म्हणून गनिमांना माफी कशी द्यायची? लोकांना न विचारता त्यांनी लोकांच्या अंगणाची रणभूमी केली. बंदूकधाऱ्याला वस्ती सोडून जाता येते. जिने वीट-वीट रचून घर बांधले, तिला कुठे जाता येते?

बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण आपण अर्धेच सांगतो. सनदशीर मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग सोडा, असे ते म्हणाले. हे मार्ग जेव्हा उपलब्धच नव्हते, तेव्हाची गोष्ट वेगळी होती, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. कोमुना १३ मध्ये तो मार्ग खुला होता का? जेमतेम. सरकारच मारेकऱ्यांशी मिळालेले. तरीही त्या बायांनी ती फट धरून ठेवली, २२ वर्षे. कोणाला, कोणत्या तारखेला, कोणी, कुठून नेले, हे त्या प्रत्येक कचेरीत पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. हा विजय नव्हे. शेकडो माणसे अजून सापडलेली नाहीत. पण तीन बंदुकांपैकी एकीनेही जे दिले नाही, ते त्यांच्या साक्षींनी दिले: पुरावा.

जानेवारी २०२५ मध्ये मेदेयीनच्या तरुणांनी एका भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले की म्हाताऱ्यांचे म्हणणे खरे होते. आईला लाडाने 'म्हातारी' म्हणावे, तसा तिथला तो शब्द आहे. नगर प्रशासनाने त्यावर करडा रंग फासला. तरुणांनी पुन्हा लिहिले.

आमचे कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. वस्तीत अत्याचार घडला की घोषणा द्याच, पण त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार लिहून ठेवा. एफआयआरची प्रत घ्या, पंचनाम्याची नक्कल मागा, अर्जावर पोच घ्या. आणि कोणी बंदुकीचे गुणगान करू लागला, तर त्याला विचारा: तुझी लढाई संपल्यावर या वस्तीत राहणार कोण?